मागच्याचे गुडघे

मामांना त्या घरात सगळेच मामा म्हणत. साहेब म्हणत, साहेबांच्या पत्नी म्हणत, आणि ज्यांच्या पोटी मामांच्या वयाचा मुलगा होता त्या साहेबांच्या आईसुद्धा मामाच म्हणत. आईंनी हाक मारली की हे नातं नेमकं कुणीकडून धरायचं, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मामांचं खरं नाव लायसनवर होतं, आणि ते वाचायची वेळ वाहतुकीच्या पोलिसांवरही कधी आली नव्हती.

माणूस अंगाने थोराड. दारातून आत येताना मान आपोआप खाली जायची आणि बसमध्ये शेजारी बसणाऱ्याचं अर्धं अंग सीटच्या बाहेर लोंबायचं. असल्या देहाच्या माणसाने खरं तर मोकळ्या मैदानात काहीतरी काम करावं. पण मामांच्या नशिबी ड्रायव्हरकी आली. दुसऱ्याच्या गाडीत स्वतःची घडी घालून बसायचं, हाच आयुष्यभराचा धंदा.

हा धंदा त्यांना एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने शिकवला. मामा त्याला उस्ताद म्हणत. गिअर, क्लच, वळण, चढ हे सगळे उस्ताद शिकवतातच. या उस्तादाने वर एक गोष्ट शिकवली होती. मागे कुणी बसणार असेल, तर तो बसायच्या आधी आपली सीट पुढे घ्यायची. तो बसल्यावर घेतली तर ते उपकार केल्यासारखं दिसतं, आणि मालकाला ड्रायव्हरचे उपकार सोसत नाहीत. मागची जागा त्याला मुळातच असल्यासारखी वाटली पाहिजे. हे मामांच्या हाडात असं मुरलं, की मागच्या दाराचा नुसता आवाज झाला तरी त्यांचा हात सीटखालच्या दांडीकडे जायचा. डोक्याला विचारायची गरज राहिली नव्हती.

साहेबांचा खुर्च्यांचा कारखाना होता. कचेऱ्यांतल्या फिरत्या खुर्च्या, शाळांतले बाक, दवाखान्यांतल्या लांब बैठका. म्हणजे लोकांच्या बुडाची आणि पाठीची काळजी वाहणं, यावरच त्या घराचं सगळं चालायचं. साहेब माणूस वाईट नव्हता. पगार वेळेवर द्यायचा, मामांशी ‘अहो-जाहो’ बोलायचा, मामांच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा स्वतः दवाखान्यात येऊन गेला होता. पुढे मामांचं जे झालं ते वाईट माणसाच्या घरात झालं असतं तर गोष्ट सांगायला सोपी गेली असती.

जुनी गाडी होती तोवर सगळं ठीक होतं. ती दिसायला अगदीच ठोकळा. चार भिंती उभ्या केल्या आणि त्याला चाकं लावली, एवढंच तिचं रूप. सीटा उंच आणि टणक, वर रेक्झिन. उन्हात उभी राहिली की मांड्या चिकटायच्या आणि उठताना चरचर आवाज व्हायचा. गारव्याचं यंत्र थंड हवेपेक्षा आवाज जास्त द्यायचं. पण आत जागा होती. मामा ताठ बसले तरी डोकं छताला लागत नसे, गुडघे स्टिअरिंगच्या खाली सुखाने राहत, मांडी पार गुडघ्यापर्यंत सीटवर टेकलेली असे, आणि मागे आईंचा पाय लांबच्या लांब पसरलेला असे.

आईंचा पाय हा त्या घरातला मोठा विषय होता. डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ते बिघडलं. गुडघा वाकेचना. सरळ पाय घेऊन त्या काठीच्या आधाराने चालायच्या, आणि गाडीत बसायचं म्हणजे एक सोहळाच. उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी पाठमोरं व्हायचं, आधी टेकायचं, मग तो डावा पाय फळीसारखा आडवा आत घ्यायचा, आणि मग उरलेलं अंग वळवायचं. डाव्या दाराने चढलं तर तोच पाय शेवटी राही आणि दारात अडकून बसे. पुढच्या सीटवर समोरची वाहनं अंगावर आल्यासारखी वाटून त्यांना भोवळ यायची. त्यामुळे जागा ठरलेली: उजवीकडे, मामांच्या बरोबर पाठीमागे. आठवड्यातून ठरावीक दिवशी मामा त्यांना व्यायामाच्या केंद्रात नेत, आणि तिथली बाई तो गुडघा केसाकेसाने वाकवत असे. आई वाटेत मामांशी बोलायच्या, म्हणजे एकट्या बोलायच्या आणि मामा आरशात मान हलवायचे. “पुन्हा जमिनीवर मांडी घालून बसेन तेव्हाच मरेन,” असं त्या म्हणत. “तोवर वर कुणी बोलावलं तरी जायची नाही.”

मग साहेबांनी गाडी बदलायचं काढलं. जुनीचं काहीतरी रोज निघत होतं हे खरं. नवी गाडी पाहायला साहेब, त्यांच्या पत्नी आणि मामा असे तिघे गेले. आईंना दगदग नको म्हणून घरीच ठेवलं. जिच्या पायासाठी मागची जागा बघायची तीच घरी, हे कुणाला खटकलं नाही.

शोरूममध्ये गाडी अशी लकाकत होती की मामांनी आधी हात पँटला पुसले. आत बसले तर सीट त्यांना पोटाशी धरल्यासारखी दोन्ही बाजूंनी चढत आली. मऊ, खोल, पाठीला नेमकी जिथे हवी तिथे फुगीर. उभ्या जन्मात असल्या सीटवर ते बसले नव्हते. छताला काचेची खिडकी होती, तिने डोक्यावरची थोडी जागा खाल्ली होती, पण मामांना डोकं झुकवायची सवयच होती. क्लच नव्हता, त्यामुळे डाव्या पायाला पेन्शन मिळाल्यासारखं झालं; जे काय करायचं ते एकट्या उजव्याने. विक्रीवाला सीट पार मागे सरकवून देऊन बाजूला झाला होता आणि मामा तीत पाय पसरून, क्षणभर का होईना, राजासारखे बसले होते.

तेवढ्यात साहेब म्हणाले, “थांबा, आईच्या जागेवर मी बसून बघतो.” मागच्या दाराचा खटका वाजला. मामांचा हात दांडीवर गेला आणि सीट सरसर पुढे गेली, पार शेवटपर्यंत.

साहेब मागे बसले. गुडघे हलवून पाहिले, एक पाय सरळ करून पाहिला, तो आरामात सरळ झाला. साहेब म्हणाले की जागा चांगली ऐसपैस आहे, जुनीपेक्षा कमी नाही. त्यांच्या पत्नींनी रंगाबद्दल काहीतरी विचारलं. विक्रीवाल्याने मामांकडे पाहिलं, आणि मामा तेव्हा स्टिअरिंगवर छाती टेकवून, गुडघे वर काढून, शाळेत कोंबडा केलेल्या पोरासारखे बसले होते. विक्रीवाला धंद्यातला माणूस. त्याने नजर दुसरीकडे वळवली. “मामा, तुम्हाला कशी वाटते?” साहेबांनी विचारलं.

“एकदम मस्त,” मामा म्हणाले. आणि गाडी घरी आली.

पहिल्याच फेरीत मामांना कळलं की आपण काय करून बसलो. सीट मागे ठेवावी तर आईंचा पाय आत यायचाच नाही; खाली मधोमध बोगद्यासारखा उंचवटा होता, त्यामुळे तो तिरकाही ठेवता येत नव्हता. सीट पुढे घ्यावी तर मामा मावत नव्हते. बाहेरून ही गाडी जुनीपेक्षा लांब होती, पण ती लांबी कुठे नाकाडात गेली होती कोण जाणे. आत एकाच माणसाची सोय होती. पुढच्याने पाय पसरायचे, नाहीतर मागच्याने.

मामांनी विचार केला नाही, त्यांच्या उस्तादाने तो आधीच करून ठेवला होता. सीट पुढे राहिली. ती मऊ सीट, जी पाय पसरून बसलं तर स्वर्ग होती, ती अशी आखडून बसलं की वैरीण व्हायची. मांड्या अधांतरी राहत, सगळा भार माकडहाडावर येई, आणि उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू दाराच्या कडक उंचवट्याला टेकून राही. बाटली ठेवायचा कप्पा होता तो. कुणाच्या तरी तहानेची सोय केली होती आणि ती मामांच्या हाडात रुतत होती.

आईंना मात्र गाडी आवडली. नव्या प्लास्टिकच्या वासाने डोकं दुखतं अशी कुरबुर त्यांनी केली, पण पाय सरळ राहतो, सीट मऊ आहे, धक्के लागत नाहीत, असं त्या येईल त्याला सांगत. केंद्रातून परतताना म्हणाल्या की आज गुडघा चांगला बोटभर वाकला. मामांना खूप बरं वाटलं. तेव्हा त्यांना आपल्या दुखण्याचा थोडा अभिमानही वाटला असेल, नाही असं नाही.

मामांच्या पायाचं पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. मामांची बायको शिवणकाम करायची, बारीक टाक्यांना सरावलेली नजर. मामा कामावरून आले, हातपाय धुवायला निघाले, आणि ती म्हणाली, “उजवी चप्पल कुठाय?” मामांनी खाली पाहिलं. उजवा पाय अनवाणी होता. चप्पल जिन्यात पडली होती आणि पायाला पत्ता नव्हता.

मामा हसले, म्हणाले चप्पल सैल झालीय. बायको हसली नाही. तिने शिवणाच्या टेबलावरची टाचणी घेतली आणि त्यांच्या पावलावर, बोटांच्या वर, हळूच टोचली. मामा तिच्याकडे बघत होते, टाचणीकडे नाही. ती म्हणाली, “मी टोचलं.” मामा म्हणाले, “कधी?”

दवाखान्यातल्या डॉक्टरने गुडघा दाबून पाहिला आणि सांगितलं की गुडघ्याच्या बाहेरून एक नस पावलात जाते, ती काहीतरी टेकून टेकून चेपली गेलीय. असं बसणं बंद करा, वेळेत केलंत तर सुधारेल, नाहीतर पाऊल कायमचं लुळं पडेल. काम काय करता, असं त्याने विचारलं. मामा म्हणाले, बसून असतो.

बायकोने डोकं धरलं. साहेबांना सांगा, एवढंच तिचं म्हणणं. मामांना ते जमेना. काय सांगायचं? तुमची नवीकोरी गाडी आईंना आणि मला दोघांना पुरत नाही? मग साहेब विचारतील, शोरूममध्ये मी बसलो तेव्हा जागा कुठून आली? त्यांना फसवल्यासारखं झालं होतं आणि फसवणारे आपण, हे मामांच्या मनात पक्कं बसलं होतं. आणि दुसरी भीती त्याहून मोठी. ड्रायव्हरचा उजवा पाय गेला म्हटल्यावर ड्रायव्हर कशाला ठेवायचा? मामांना दुसरं काही येत नव्हतं. गाडीपासून वेगळं काढलं तर आपण नेमके कोण, हे त्यांनाच ठाऊक नव्हतं. बायको म्हणाली, कुणाला गाडीखाली घेतलं म्हणजे? त्यावर ते जेवण अर्धं टाकून उठले.

त्यांनी उपाय केले, सगळे वेडेवाकडे. चपलेऐवजी नाडीचे बूट घालायला लागले, म्हणजे पाय निसटायला नको. बायकोने शिवलेली पातळ गादी गुडघा आणि दार यांच्या मधे ठेवून पाहिली. त्याने होती ती जागाही गेली. पावलाला ब्रेक कळेना तेव्हा ते डोळ्यांनी खाली बघून पाय ठेवायला लागले. असा ड्रायव्हर रस्त्यावर असू नये, हे मामांइतकं चांगलं कुणालाच कळत नव्हतं. रोज सकाळी गाडी पुसताना ते ठरवत की आज सांगू, आणि गाडी पुसून होईपर्यंत ते विरून जाई.

व्हायचं ते व्यायाम केंद्राच्या दारात झालं. तिथे थोडा चढ होता आणि वर पोर्च. मामांनी गाडी चढवली, थांबायला पाय उचलला, ब्रेकवर ठेवला, दाबला. पाय उचललाच गेला नव्हता, तो ॲक्सिलरेटरवरच होता. गाडी हुंकार देऊन पुढे गेली. तिथला वॉचमन दार उघडायला पुढे येत होता. त्याने उडी मारली म्हणून बरं. गाडी फुलझाडांच्या कट्ट्यावर आदळून थांबली.

मागे आईंचा सरळ पाय मामांच्या सीटच्या पाठीवर आपटला होता. त्या ओरडल्या नाहीत. मामा धडपडत उतरले आणि त्यांनी मागचं दार उघडलं, तर आई गुडघा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या आणि ओठ पांढरे पडले होते. आतून केंद्रातली बाई धावत आली, तिने पाय तपासला, मोडलं नाही म्हणाली. वॉचमन कट्ट्याजवळ उभा राहून कपड्यांवरची माती झटकत होता. मामा त्याच्यापाशी गेले आणि हात जोडले.

आईंनी त्यांना जवळ बोलावलं. “मामा, काय झालं रे?”

“पाय कळला नाही आई.”

आईंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं. मग हळू म्हणाल्या, “मी सांगीन, मांजर आडवं आलं म्हणून.”

ते म्हणणं मामांच्या काळजात गेलं. इतक्या वर्षांत त्यांच्यासाठी कुणी खोटं बोलायला तयार झालं नव्हतं, आणि ज्या माउलीचा पाय त्यांनी आत्ता आपटवला तीच तयार झाली होती. ते पायरीवर बसले. किल्ली हातात होती ती त्यांनी शेजारी ठेवली, साहेबांना फोन लावला आणि सांगितलं की तुम्ही या, माझ्या पायाला ब्रेक कळत नाही, मी आता गाडी चालवणार नाही.

साहेब आले. रागावले नाहीत. मामांना मोठ्या डॉक्टरकडे पाठवलं, सगळ्या तपासण्या केल्या, आणि वय होतंच की मामा, असं म्हणून पाठीवर हात ठेवला. सीटचं मामा बोलले नाहीत. आता बोललो तर आपली चूक गाडीवर ढकलल्यासारखं होईल, असं त्यांना वाटलं. साहेबांनी त्यांना बंगल्याच्या फाटकावर बसवलं. बसायला कारखान्यातली एक खुर्ची दिली, जिचा एक हात सैल होता म्हणून ती विकली गेली नव्हती. पाय पसरायला समोर अख्खा रस्ता होता. पाऊल मात्र परत आलं नाही. चालताना ते फरशीवर पट् पट् वाजायचं, आणि मामा येताहेत हे आता सगळ्यांना दुरूनच कळायचं.

नवा ड्रायव्हर आला. तोही चांगलाच उंच, गडी हसतमुख, घरी दोन लेकरं. गाडी सुरेख चालवायचा. त्याला उस्ताद नव्हता. तो एका शाळेत पैसे भरून शिकला होता, आणि तिथे त्याला सांगितलं होतं की सीट आपल्या पायाला हवी तशी लावून घ्यावी. त्याने ती लावून घेतली. यात त्याचं काय चुकलं?

फाटकावरून मामांना सगळं दिसायचं. आई दाराशी पाठमोऱ्या व्हायच्या, टेकायच्या, पाय आत घ्यायच्या, आणि तो सीटच्या पाठीला अडायचा. मग त्या कण्हत, अंग तिरकं करून कशाबशा बसायच्या. केंद्रातून परत आल्या की चेहरा उतरलेला. मग एक फेरी चुकली, मग आणखी एक, आणि मग त्यांनी जाणंच बंद केलं. घरातले म्हणाले, त्या अपघाताचा धसका घेतलाय. मामांनाही आधी तसंच वाटलं, आणि त्या वाटण्याने त्यांना अन्न गोड लागेना.

एक दिवस आई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या आणि मामांच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या. मामा उठू लागले, तर त्यांनी खांदा दाबून बसवलं. मामांनी विचारलं की केंद्रात का जात नाही. माझ्यामुळे भीती बसली का.

“भीती कसली? त्या गाडीत पाय ठेवायला जागाच नाही रे,” आई म्हणाल्या. “तुझ्या वेळी कशी होती?”

मामांनी आपल्या पावलाकडे पाहिलं. आईंनी फाटकाबाहेरची ये-जा बघितली आणि त्या परत गेल्या. गुडघा पुन्हा ताठ लाकूड झाला होता.

दुसऱ्या दिवशी नवा ड्रायव्हर गाडी पुसत होता तेव्हा मामा पाय ओढत त्याच्याकडे गेले. उस्तादाने जसं सांगितलं होतं तसंच त्यांनी त्याला समजावलं: मागचा माणूस बसायच्या आधी सीट पुढे घ्यायची, त्याला कळू द्यायचं नाही. गडी आज्ञाधारक. लगेच आत बसला आणि सीट पुढे घेतली, पार शेवटपर्यंत. “अशी ना मामा? बसतंय की. होईल सवय.”

मामा उघड्या दारातून बघत होते. त्यांनी दार हळूच लोटलं आणि काचेतून आत पाहिलं. गड्याच्या उजव्या गुडघ्याची बाहेरची बाजू बाटलीच्या कप्प्याला टेकली होती, नेमकी तिथेच. तो हसत होता. आपण हे काय शिकवतोय, असं मामांच्या मनात आलं, आणि उस्तादाचा, स्वतःचा, सगळ्यांचाच एकदम संताप आला. त्यांनी दार उघडलं. “मागे घे,” ते म्हणाले. “मागे घे म्हणतो ना. आणि पुन्हा कधी पुढे घेऊ नकोस, कुणीही सांगितलं तरी.”

मग ते तडक घरात गेले. साहेब दिवाणखान्यात सोफ्यावर चहा घेत बसले होते, पाय समोर लांब सोडलेले. कारखान्यातून घरी आल्यावर ते असेच बसत. मामा त्यांच्यासमोर उभे राहिले. या खोलीत ते नेहमी उभेच राहिले होते. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि मग थांबता येईना. शोरूममध्ये मी सीट पुढे घेतली होती साहेब, तुम्ही बसायच्या आधी, म्हणून तुम्हाला जागा दिसली. ती जागा नव्हतीच. आईंचा पाय त्या गाडीत मावत नाही, मी आखडून बसायचो म्हणून मावत होता. मी तुम्हाला फसवलं. पगार कापा, फाटकावरून काढा, पण गाडी बदला, त्यांचं चालणं जाईल.

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना राग आलेला दिसत नव्हता. थोडे अवघडले होते.

“फसवलं कसलं मामा,” ते म्हणाले. “मी पाहिलं होतं ना तुम्हाला सीट पुढे घेताना. मला वाटलं, तुम्हाला जमतंय.”

मामांना आधी ते नीट समजलंच नाही. मग समजलं. साहेबांनी पाहिलं होतं. गाडी त्यांना आवडली होती, मागे जागा झाली होती, आणि पुढे मामा कसे बसलेत हेही दिसलं होतं, आणि त्यात अडण्यासारखं काही वाटलं नव्हतं. इतके दिवस मामा जे उराशी लपवून होते ते कधी लपलेलंच नव्हतं. टाचणी, बूट, डॉक्टरपासून लपवलेलं काम, बायकोसमोर अर्धं टाकलेलं जेवण, सगळं कशासाठी? दाराआडून काठीचा आवाज झाला. आई येऊन उभ्या राहिल्या होत्या, आणि त्यांनी ऐकलं होतं हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. त्या मुलाकडे बघत होत्या. साहेब आईकडे बघत नव्हते.

उजव्या पावलात काही जीव नव्हता आणि डावं एकटं थकलं होतं. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि साहेबांच्या समोरच्या सोफ्यावर, कुणी बस म्हणायची वाट न पाहता, बसले. चांगला रुंद सोफा होता. त्यांनी उजवी मांडी दोन्ही हातांनी उचलली आणि पाय समोर सरळ लांब केला, जाईल तितका. साहेबांना आपले पाय आत घ्यावे लागले.